फळीचं आतलं टोक

या धंद्याला दोन माणसं लागतात. एक उभा राहणारा आणि एक बसणारा.

उंचावरच्या खिडकीची चौकट बाहेरून रंगवायची असेल, किंवा तडकलेली काच बदलायची असेल, तर एका खिडकीसाठी जमिनीपासून बांबू कोण उभारत बसणार? त्याऐवजी एक लांब, जाड फळी घेतात आणि खिडकीच्या कट्ट्यावरून बाहेर सारतात. थोडी बाहेर हवेत, बरीचशी आत खोलीत. आतल्या टोकाखाली स्टूल ठेवतात. फळी घसरू नये म्हणून तिच्या पोटाशी एक आडवी पट्टी ठोकलेली असते, ती कट्ट्याला अडते. बाहेरच्या टोकावर एक जण उभा राहून काम करतो, आतल्या टोकावर दुसरा बसतो. बसतो म्हणजे नुसता बसतो. तेच त्याचं काम.

बागेत लहान मुलं वर-खाली खेळतात, त्या फळीचंच हे थोरांचं रूप. इथे मात्र वर-खाली झालेलं चालत नाही. आणि यात नुसतं वजन बघून भागत नाही, वजन कुठे आहे तेही बघावं लागतं. बसणारा कट्ट्यापासून जितका लांब, तितका तो भारी पडतो. तोच माणूस कट्ट्याजवळ सरकला की निम्मा होतो, मग अंगानं कितीही धिप्पाड असो. बाहेरच्याचंही तसंच. तो भिंतीलगत उभा असेल तोवर फळीला त्याचा पत्ताही लागत नाही. बाहेर उघडलेल्या झडपेचा दूरचा कोपरा रंगवायला टोकाकडे गेला, की एकेक पाऊल फळीला जड होत जातं.

खिडकीवाला हे सगळं पायानं शिकला होता. पाच-सहा गल्ल्यांत त्याला याच नावानं ओळखत. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, आणि उंचीची भीती जन्मतःच द्यायची राहून गेलेला. त्याचा पहिला बसणारा परका होता. चुळबुळ्या माणूस, फळीवर बसून पाय हलवायचा, खिशात काहीतरी शोधायचा. खिडकीवाल्यानं वर्षभर सहन केलं. मग ताईचं लग्न झालं, आणि भाऊजींच्या हाताला काम नव्हतं. ताई त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. घरी शिवणयंत्रावर ती जाड कापडाचे पडदे, खुर्च्यांच्या खोळी, सामानाच्या पिशव्या शिवायची.

"भाऊजींना माझ्याबरोबर पाठव," तो तिला म्हणाला. "परक्याच्या बुडावर जीव टांगण्यापेक्षा घरच्याच्या बुडावर टांगलेला बरा."

ताई हसली होती. भाऊजीही हसले होते. ते भरदार होते, आणि बोलघेवडे. दोघं जिना चढू लागले की अख्ख्या इमारतीला कळायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम ठरवला. आतलं भाऊजींचं, बाहेरचं खिडकीवाल्याचं. फळी कशी लावायची, स्टूल कुठे ठेवायचं, घरातल्या माणसांशी काय बोलायचं, भेगा बुजवायची लांबी कधी भिजवायची हे सगळं भाऊजींकडे. खिडकीवाल्यानं कट्टा ओलांडून बाहेर पाय टाकायचा आणि पुन्हा आत येईपर्यंत मागे वळून बघायचं नाही. धंद्यातले जुने लोक हेच सांगायचे. मागे बघणाऱ्याचा तोल जातो, आणि बसणाऱ्याचा अपमान होतो.

भाऊजी आतून सतत बोलत. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुठल्या दुकानदारानं कुणाला टोपी घातली, असलं काहीबाही.

"ऐकतोयस ना?"

"हं."

"नुसतं हं काय? हुंकाराला पैसे पडत नाहीत, चार जास्त दे."

त्या आवाजाची त्याला सवय झाली. ब्रश एका लयीत चालायचा, आणि मागून आवाज येतोय म्हणजे माणूस आहे, हे वेगळं मनाशी म्हणावं लागत नसे.

सुरुवातीला फळी पायाखाली जिवंत असायची. भाऊजी शिंकले की ती शिंकायची, ते हसले की तीही जरा हसायची. पुढे पुढे मात्र ती शांत झाली. इतकी शांत, की बाहेर हवेत उभं आहोत हे तो विसरून जायचा. काम संपवून ताईकडे जेवायला बसला की तो न चुकता सांगायचा, "ताई, भाऊजी आता बसायला शिकले. दगड आहेत, दगड. यांच्यासारखा बसणारा या गावात नाही."

भाऊजी मान खाली घालून मोठमोठे घास घेत. ताई म्हणायची, "जेव गप. कामाचं कामावर."

तिला नवऱ्याचं कौतुक लाजवतं, अशी त्याची समजूत होती.

असं बरंच चाललं. त्याचं लग्न झालं, दोन्ही घरांत मुलं झाली, फळी एकदा बदलली. दोन चुली त्या एका फळीवर चालत होत्या, एक बाहेरच्या टोकावर आणि एक आतल्या.

त्या दिवशीचं घर उंचावरचं होतं. निजायच्या खोलीची मोठी खिडकी, दोन झडपांची. घरमालकीण बाई ठणठणीत, घाईतली. खिडकीवाला सकाळी बाहेर गेला तेव्हा भाऊजी फळीच्या टोकावर ऐसपैस बसले होते. शेजारी लांबीची पिशवी होती. जाड कापडाची, पक्क्या बंदांची. दोघांनी एकेक बंद धरून तीच पिशवी मघाशी वर आणली होती. ती कायम बरोबर असायची. आतलं भाऊजींचं, त्यामुळे तिच्यात किती लांबी उरली हे खिडकीवाल्यानं कधी विचारलं नव्हतं.

जवळची झडप झाली. भाऊजी एका न्हाव्याची गोष्ट सांगत होते. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठून गेलं होतं आणि न्हावी त्याच्या मागे वस्तरा घेऊन धावत होता.

खिडकीवाला दूरच्या झडपेकडे सरकला. एक पाऊल. मग दुसरं. तिसऱ्या पावलाला फळी खाली गेली.

ती एकदम गेली नाही. आधी तिनं विचार केल्यासारखं केलं, मग झुकली. त्याचा डावा हात चौकटीवर होता. दोन्ही हात कधी सोडायचे नाहीत, एवढी त्याची स्वतःची शिस्त होती. पाय घसरले, ब्रश सुटला, खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. त्यानं दुसऱ्या हातानं कट्टा पकडला आणि पोटावर घासत अंग आत ओढलं. त्याचं वजन निघताच फळी मागे पडली आणि स्टुलावर धाडकन आदळली.

तो खोलीत पालथा पडला. तोंडाखाली कापड होतं. लांबीची पिशवी कट्ट्याशी येऊन अडकली होती, तिचा एक कोपरा फाटला होता आणि त्यातून वाळू सांडत होती. लांबी नव्हे, वाळू.

कपाटापाशी घरमालकीण चादरींची चळत छातीशी धरून उभी होती.

"अगंबाई! दादा, लागलं का हो?"

फळीच्या आतल्या टोकावर कुणी नव्हतं. खोलीत तिसरं माणूसच नव्हतं.

"इथे बसले होते ते?" त्यानं विचारलं.

"कोण? इथे तर ही पिशवीच होती फळीच्या टोकाला. कपाटाचं दार तिला अडत होतं, म्हणून जरा पुढे सरकवली. काढली नाही हो मी, फळीवरच होती की. नुसती सरकवली!"

आणि शेजारच्या खोलीच्या खिडकीतून भाऊजींचा आवाज आला, तसाच, रंगात आलेला. "तर काय, आता न्हावी पुढे आणि गिऱ्हाईक मागे! ऐकतोयस ना?"

खिडकीवाला जमिनीवर पडून ते ऐकत होता. हुंकार आला नाही म्हणून आवाज थांबला. "अरे, ऐकतोयस ना?" मग खुर्ची सरकली, आणि भाऊजी हातात चहाचा कप घेऊन दारात आले. त्यांनी फळी पाहिली, वाळू पाहिली आणि त्याच्याकडे पाहिलं. कप आधी नीट खाली ठेवला.

"लागलं का?"

"कधीपासून?" खिडकीवाल्यानं विचारलं.

"आत्ताच उठलो होतो रे. घसा कोरडा पडला म्हणून जरा…"

"भाऊजी. कधीपासून?"

घरमालकीण चादरी घेऊन निघून गेली. बाहेर जाताना दार लोटून घेतलं, तेवढा पोच तिला होता.

भाऊजींनी फळीवरची वाळू तळहातानं झटकली. मग एकदम सगळं बोलले. "हे बघ, इतकी वर्षं पडलास का? एकदा तरी? माणसाला शिंक येते, डुलकी लागते. वाळूला यातलं काही होत नाही. माझ्याहून चांगली बसते ती. वजन कमी आहे, पण पार टोकाला ठेवली की तुला पुरून उरते. मी सगळं बघूनच केलं होतं. फळीला काय कळतंय, माणूस बसलाय का वाळू!"

"फळीला नाही. मला."

"तुला तरी कुठे कळलं?"

खिडकीवाल्याला हेच सगळ्यात जास्त लागलं. खांद्यापेक्षाही.

वाळू भरायला तो खाली वाकला. रागाच्या भरातही परक्या घरात कचरा सोडायचा नाही, ही त्याची सवय. पिशवी उलटी केली, तेव्हा तिच्या तळाशी एक रुंद पट्टा दिसला. दोन्ही बाजूंनी शिवलेला, मधे मोकळा. त्यानं तो फळीच्या टोकाला लावून बघितला. पट्टा फळीवर अचूक चढला. ना सैल, ना घट्ट. पट्टा चढवलेला असता तर घरमालकिणीनं जंग जंग पछाडलं असतं तरी पिशवी हलली नसती. भाऊजींनी कंटाळा केला होता. पण तो भाऊजींचा विचार करत नव्हता. पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांना उभी-आडवी दुहेरी शिलाई होती, आणि दोरा शेवटी उलट फिरवून बंद केलेला होता. असा दोरा बंद करणारं एकच माणूस त्याला माहीत होतं. त्याच्या शाळेच्या दप्तराला तो तसाच बंद केलेला होता.

सांडलेली वाळू त्यानं घमेल्यात भरली, आणि रिकामी पिशवी काखेत मारून तडक ताईच्या घरी गेला. दुपार होती. ती दारासमोरच्या खोलीत यंत्रावर बसली होती, एका खोळीचा काठ मारत. त्यानं पिशवी तिच्यासमोर टाकली.

"कोपरा फाटला?" ताई म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "हाताला काय झालं रे?"

"आधी पिशवीकडे बघितलंस."

यंत्राचं चाक थांबलं. ताईनं सुई वर घेतली, खोळ बाजूला केली, आणि नवऱ्यासारखं 'आत्ताच' वगैरे काही म्हणाली नाही.

"पडलास?"

"नाही. पडलो नाही म्हणून विचारायला आलो. तू शिवलीस?"

"मीच शिवली."

"माप कुठून मिळालं?"

"तू जेवत होतास. फळी इथे दारामागे उभी होती. टेप लावली आणि घेतलं." ती शिवणाच्या ऑर्डरबद्दल सांगावं तसं सांगत होती. "हे घरी यायचे ते हात कापत यायचे. तुझं पाऊल टोकाकडे गेलं की यांच्याखालची फळी हलकी व्हायची. ते यांना कळायचं. म्हणायचे, तो आणि जमीन यांच्यामधे मी एकटा आहे, मला बसवत नाही, मी एक दिवस उठून पळेन. तुला काय सांगणार? तू तर त्यांना डोक्यावर घेऊन बसलेला. समज, उठून पळाले असते. मग?"

"मग मी मेलो असतो."

"म्हणून शिवली. पिशवी उठून पळत नाही."

तो यंत्राशेजारच्या खोक्यावर बसला. तिचं म्हणणं खोडून काढावं असं त्यात काही सापडेना. घाबरलेल्या माणसापेक्षा वाळू बरी, हे त्यालाही पटत होतं. पट्टा तर इतका नेटका होता, की दुसऱ्या कुणासाठी शिवला असता तर त्यानं तिला शाबासकी दिली असती.

"मला का नाही सांगितलंस?"

"गेला असतास बाहेर? वाळूच्या भरवशावर?"

"गेलो असतो."

"नसतास गेलास. आणि गेला असतास तरी म्हणाला असतास, वाळूच बसणार असेल तर भाऊजी कशाला? मग यांनी काय करायचं? यांना बोलायला येतं. बोलण्यावर चूल पेटते का?"

त्यानं तळाचा पट्टा बोटानं ओढून बघितला. मग म्हणाला, "मी स्वतः बांधली असती ताई. पट्टा चढवला असता. खोलीचं दार लावून घेतलं असतं. त्या बाईला सांगितलं असतं, की हिला बोट लावू नका, हिच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा आहे. तुम्ही दोघांनी ते लपवून ठेवलंत, म्हणून तिला ती कपाटाला अडणारी पिशवी वाटली. तिचं काय चुकलं?"

फाटलेला कोपरा ताई बोटांनी चाचपत होती, किती दुमडून शिवावा लागेल ते बघत.

"आणि मी इथे ताटावर बसून त्यांचं कौतुक करायचो. दगड म्हणायचो. तेव्हा तुला काय वाटायचं?"

"वाटायचं, हा गप्प बसला तर बरं."

तो उठला. ताई म्हणाली, "हात दाखवून घे कुणाला तरी." तो बरं म्हणाला. पिशवी तिथेच राहिली.

खांदा बरा व्हायला वेळ लागला. मग त्यानं दुसरा बसणारा लावून पाहिला. माणूस चांगला होता, निमूट बसायचा. पण खिडकीवाला आता मागे बघू लागला होता. चार फटकारे मारले की मान वळायची. ब्रशचे ओघळ चौकटीवर उतरू लागले, आणि त्या माणसालाही ते अपमानाचं वाटू लागलं. "माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांगा की," म्हणून तो सोडून गेला. मग खिडकीवाल्यानं एकट्यानं करायचं ठरवलं. पण तेवढी फळी एकट्यानं जिना चढत नाही.

शेवटी भाऊजीच परत आले. कुणी कुणाला बोलावलं, हे दोन्ही घरांत कुणी विचारलं नाही. ताईनं पिशवीचा कोपरा शिवून पाठवला होता. पट्ट्यावर आणखी एक पट्टा घातला होता. आता फळी खिडकीवाला स्वतः लावतो. पिशवी स्वतः भरतो, टोकाला चढवतो, ओढून बघतो. त्या घरातल्या माणसांना समोर बोलावून सांगतो. भाऊजींना दाराशी एक खुर्ची असते. कुणाला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्याकडे काम.

ते गोष्टी सांगत नाहीत. सुरुवातीला एकदोनदा सांगून बघितल्या. बाहेरून हुंकार आला नाही, तेव्हा थांबल्या. इमारतीतल्या लोकांना वाटतं, मेहुण्या-मेहुण्यांचं घरातल्या एखाद्या कपाटावरून बिनसलं असेल. सणावाराला, वाढदिवसाला तो ताईकडे जातो. ती वाढते, तो जेवतो, मुलांच्या शाळेचं बोलणं होतं. कामाचा विषय आता तोही काढत नाही.

मध्यंतरी एका उंच घरी तो दूरच्या कोपऱ्यात काम करत होता. एकाएकी फळी पायाखाली बदलली. खाली गेली नाही. उलट आतलं टोक जास्त घट्ट बसलं. आणि मग तिच्यात एक थरथर आली. बारीक, न थांबणारी, खूप थंडीत माणसाच्या हनुवटीला येते तशी.

त्यानं ब्रश थांबवला. मागे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"भाऊजी, उठा तिथून."

"अरे, पिशवी आहेच. मी आपला तिच्या जोडीला…" आवाज फार जवळून आला, आणि तोही थरथरत होता. "बसतो ना. जमतंय मला आता."

ताई खोटं बोलली नव्हती तर. घाबरलेला माणूस फळीवर बसला की असं होतं. भाऊजींनी पहिली वर्षं अशीच काढली होती. आणि आज कुणी सांगितलं नसताना, कशाची गरज नसताना, ते येऊन बसले होते. खिडकीवाल्याला हे सगळं समजलं. समजून त्याला काही वेगळं वाटेल, असं त्यालाही क्षणभर वाटून गेलं. तो थांबला. तसं काही वाटलं नाही.

"उठा," तो पुन्हा म्हणाला.

स्टूल करकरलं. थरथर आधी कमी झाली, मग बंद झाली. फळी पहिल्यासारखी मुकी झाली तेव्हा त्यानं ब्रश डब्यात बुडवला आणि कोपऱ्यातला राहिलेला भाग घ्यायला टोकाकडे एक पाऊल टाकलं.